बायपासने की आतून?

धायरी, नऱ्हे, सिंहगड रस्ता, वारजे, कर्वेनगर या पट्ट्यात घर आणि हिंजवडीच्या आयटी पार्कात नोकरी, अशी जोडी पुण्यातल्या हजारो कुटुंबांच्या आयुष्यात पक्की बसली आहे. या सगळ्यांना रोज सकाळी गाडीची किल्ली उचलताना एक निर्णय घ्यावा लागतो: बायपासने जायचं की आतून?

बायपास म्हणजे कात्रज–देहूरोड बाह्यवळण, आजचा राष्ट्रीय महामार्ग ४८. नवले पुलापासून निघालं की वारजे, चांदणी चौक, बावधन, सूस, बाणेर, बालेवाडी असं करत मुळा नदी ओलांडून वाकडला उतरायचं. वीसेक किलोमीटर, आणि मुख्य मार्गिकेवर सिग्नल नाही. आतून म्हणजे राजाराम पूल, कर्वेनगर, पौड फाटा, सेनापती बापट रस्ता, विद्यापीठ चौक, औंध, जगताप डेअरी. अंतर थोडंच जास्त, पण सिग्नलमागून सिग्नल. ठाण्याहून मुंबईत येणाऱ्याला, म्हापशाहून पणजीला जाणाऱ्यालाही हाच प्रश्न वेगळ्या रस्त्यांच्या नावांनी पडतो. मी पुण्याचं उदाहरण धरतो, कारण इथे दोन्ही वाटा रोजच्या वापरातल्या आहेत आणि दोन्हींची किंमत उघड दिसते.

बहुतेक जण या निवडीकडे मिनिटांचा प्रश्न म्हणून बघतात. माझ्या मते मिनिटं तिसऱ्या क्रमांकावर येतात. आधी जीव, मग भरवसा, मग मिनिटं. पण वाद मिनिटांवरूनच सुरू होतो, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

टॉमटॉम या नकाशे बनवणाऱ्या कंपनीने २०२४ सालासाठी जगातल्या ५०० शहरांच्या वाहतुकीची जी पाहणी केली, तीत संथपणात पुण्याचा क्रमांक चौथा लागला. १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटांहून अधिक वेळ. म्हणजे ताशी अठरा किलोमीटर; सरावलेला सायकलस्वार सहज गाठेल असा वेग. बायपासवर मोकळ्या वेळी गाडी ताशी साठ-सत्तरने धावते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की उत्तर ठरल्यासारखं वाटतं. पण सकाळी नऊला हिंजवडीत पोचायचं असलेला माणूस मोकळा बायपास बघतो तो फक्त रविवारी.

असं का होतं, हे ब्रिटिश वाहतूकतज्ज्ञ जॉन ग्लेन वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्येच मांडून ठेवलं आहे. दोन ठिकाणांना जोडणाऱ्या अनेक वाटा असतील आणि प्रत्येक जण स्वतःपुरती लवकर पोचवणारी वाट निवडत असेल, तर माणसं या वाटेवरून त्या वाटेवर सरकत राहतात आणि अखेर वापरातल्या सगळ्या वाटांना लागणारा वेळ जवळजवळ सारखा होतो. त्या काळी हा समतोल साधायला लोकांना अनुभवाचे महिने लागत असतील. आता प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर नकाशा आहे. बायपास पाच मिनिटांनी हलका झाला की ते सगळ्यांना एकाच वेळी दिसतं आणि ती पाच मिनिटं लगेच भरून जातात. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्ये याच्या पुढची पायरी सांगितली: गर्दीच्या वेळचा द्रुतगती मार्ग कितीही रुंद करा, तो पुन्हा भरतो. कारण दुसऱ्या रस्त्याने जाणारे, दुसऱ्या वेळी निघणारे आणि आजवर बस-रेल्वेने जाणारे असे सगळेच त्याकडे वळतात. जिल ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांची आकडेवारी घेऊन दाखवून दिलं की महामार्ग ज्या प्रमाणात वाढतात, जवळपास त्याच प्रमाणात वाहनांचा एकूण प्रवासही वाढतो.

चांदणी चौकात आपण हे डोळ्यांनी पाहिलं. तिथला जुना पूल ऑक्टोबर २०२२ च्या सुरुवातीला, मध्यरात्री स्फोटकं लावून पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ रोजी नव्या पुलांचं आणि जोडरस्त्यांचं जाळं खुलं झालं. त्या चौकातली कोंडी खरोखर कमी झाली. ते काम गरजेचं होतं आणि चांगलं झालं. पण तिथून सुटलेल्या गाड्या भूमकर चौकात आणि वाकडच्या पुलाखाली जाऊन साचतात. हिंजवडीत शिरायच्या वाटा मोजक्या आहेत. बायपासने या किंवा औंधवरून या, शेवटचे तीन-चार किलोमीटर जवळपास सगळ्यांचे सारखेच. प्रवासाचा सगळ्यात रखडणारा तुकडा दोन्ही वाटांना सामाईक असेल, तर वाट बदलून वाचणार किती? गर्दीच्या वेळी दोन्हींतला फरक बहुतेक दिवशी दहा-पंधरा मिनिटांच्या आत राहतो, आणि तोही कधी इकडे कधी तिकडे झुकतो. याउलट घरातून निघायची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे घेतली, तर कुठल्याही वाटेने त्याहून जास्त वेळ वाचतो. ज्यांच्या कंपन्या येण्याची वेळ लवचिक ठेवतात, त्यांनी ही सवलत वाट शोधण्याआधी वापरावी.

आता भरवसा. रोजच्या प्रवासात सरासरीपेक्षा वाईट दिवस महत्त्वाचा असतो. एरवी पन्नास मिनिटं लागणारी वाट महिन्यातून तीन वेळा दोन तास खात असेल, तर माणूस त्या तीन दिवसांच्या भीतीने रोजच लवकर निघतो आणि वाचलेला वेळ कॉफीच्या मशीनपाशी घालवतो. महामार्गाचा मोठा दोष इथे उघडा पडतो. बायपासवर एखादा कंटेनर बंद पडला किंवा कलंडला, की मागचा माणूस अडकतो. बाहेर पडायचे कट दूरदूर आहेत, मधे दुभाजक, बाजूला कठडा, कुठे खाली नदी. वारजे सोडून पुढे निघाल्यावर कोंडी दिसली तर चांदणी चौक येईपर्यंत करण्यासारखं काही उरत नाही. आतल्या रस्त्यांवर रोजचा त्रास जास्त आहे, पण अडथळा आला की वळायला गल्ली आहे. सेनापती बापट रस्ता तुंबला तर विधी महाविद्यालय रस्ता, तोही तुंबला तर प्रभात रस्त्याच्या गल्ल्या. आतली वाट रोज थोडा वेळ खाते, बायपास एखाद्याच दिवशी खूप खातो. ज्याला सकाळी ठरल्या वेळी हजेरी लावायची आहे, पाळणाघर बंद व्हायच्या आत मूल आणायचं आहे, त्याने याच फरकाकडे बघून ठरवावं.

काही दिवसांचा हिशेब मात्र वेगळा असतो. शुक्रवारी संध्याकाळी आणि जोडून सुट्ट्या आल्या की साताऱ्याकडे, महाबळेश्वरकडे, कोकणाकडे निघालेली सगळी मुंबई-पुण्याची वाहनं बायपासवरच असतात. त्या दिवशी आतून येणंच शहाणपणाचं. गणेशोत्सवात उलट. त्या दिवसांत संध्याकाळी मध्यवर्ती भागातले रस्ते बंद किंवा वळवलेले असतात आणि त्याचा ताण डेक्कन, कर्वे रस्त्यापर्यंत येतो. पालख्या शहरात मुक्कामाला असतात तेव्हाही तेच. पावसाळ्यात खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो आणि उरलेल्या पुलांवर सगळा भार येतो. बायपासलाही पावसाची झळ लागते, त्याच्या पोटातल्या भुयारी मार्गांत पाणी भरतं, तरी मुख्य रस्ता सहसा चालू राहतो. आणि वर्षानुवर्षं चालणारी बांधकामं तर वाटांचं गणितच बदलून टाकतात. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडला, तेव्हापासून गणेशखिंड रस्त्याने जाणाऱ्यांनी जे सोसलं त्याला तोड नाही. कित्येकांनी तेव्हा आतली वाट सोडली ती कायमची. सिंहगड रस्त्यावर २०२४ आणि २०२५ मध्ये उड्डाणपूल टप्प्याटप्प्याने खुले झाले आणि आतल्या वाटेचा पहिला तुकडा पुष्कळ सुसह्य झाला. तीन वर्षांपूर्वी ठरवलेली वाट आज पुन्हा तपासून पाहायला हवी, ती यासाठी.

पण हे सगळं वेळेचं झालं. मला ज्याविषयी सगळ्यात पोटतिडकीने बोलायचं आहे ते म्हणजे जिवाचा धोका.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं गेली. राष्ट्रीय महामार्ग हे देशातल्या एकूण रस्त्यांच्या सुमारे दोन टक्के. त्यांच्यावर मात्र ३६ टक्के मृत्यू झाले. वाहतूक तिथे जास्त म्हणून अपघातही जास्त, हे खरं असलं तरी पुरेसं उत्तर नाही. त्याच अहवालातले आकडे भागून पाहिले तर राष्ट्रीय महामार्गांवर दर १०० अपघातांमागे सुमारे ४० जण मेले. राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग वगळता उरलेल्या रस्त्यांवर, ज्यांत शहरांतले रस्ते आणि गावांकडचे रस्ते दोन्ही येतात, हे प्रमाण सुमारे ३३. आणि देशभरात अपघातात गेलेल्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवर होते. पुण्यात ‘गाडी काढली’ म्हणजे निम्म्या वेळा स्कूटर किंवा मोटारसायकलच काढलेली असते. या शहरासाठी हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

बायपासवरचा धोका कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे: नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यापासून नवले पुलापर्यंतचा लांबलचक उतार. कोल्हापूर-बेंगळुरूकडून मुंबईकडे जाणारे अवजड ट्रक या उताराने येतात. डिझेल वाचेल या समजुतीने काही चालक गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. मग वेग रोखायचं सगळं काम ब्रेकवर येतं, ब्रेक तापतात, तापलेले ब्रेक पकड सोडतात आणि समोर नेमकी शहराची रोजची वर्दळ असते. गाडी गिअरमध्ये ठेवली असती तर इंजिनाने तिला धरून ठेवलं असतं. आजकालच्या इंजिनांत तर गिअरमध्ये उतरताना पाय काढला की इंधनाचा पुरवठा आपोआप तुटतो, म्हणजे न्यूट्रलने डिझेलही वाचत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये या उतारावर एका अवजड वाहनाने एकामागून एक अनेक गाड्यांना धडक दिली. १३ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी याच पट्ट्यात ताबा सुटलेल्या अवजड वाहनाने केलेल्या अपघातात आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. दर मोठ्या अपघातानंतर वेगमर्यादा घटवली जाते, रबरी पट्ट्या बसतात, कॅमेरे लागतात. यातलं प्रत्येक पाऊल योग्य आहे. मूळ दुखणं मात्र शिल्लक राहतं: हजारो किलोमीटर लांबून आलेला कंटेनर आणि वडगावहून वारज्याला निघालेली स्कूटर एकाच डांबरावर, एकाच मार्गिकेत धावतात.

धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ताशी ३० ऐवजी ६० ला धडक बसली तर आघात दुप्पट होत नाही, चौपट होतो. आतल्या रस्त्यांवर खड्डे आहेत, उलट दिशेने येणारे आहेत, अचानक उघडणारे मोटारींचे दरवाजे आहेत. तिथेही हाडं मोडतात आणि माणसं मरतात. हेल्मेट दोन्हीकडे लागतं. पण गर्दीतल्या वीस-तीसच्या वेगाला चुकीतून सावरायची संधी असते. बायपासवर स्कूटरला ती मिळत नाही. शेजारून कंटेनर गेला की त्याच्या वाऱ्याने हलकी गाडी हलते. पुलांच्या सांध्यांवर चाक उडतं. डाव्या कडेला वाळू, थांबलेल्या खासगी बस, त्यांच्याकडे धावणारे प्रवासी आणि पुढचा कट लांब म्हणून उलट येणारे दुचाकीस्वार. उजवीकडे सरकावं तर तिथेही ट्रकच.

यावरचा उपाय नवा नाही आणि अवघडही नाही: दोन्ही बाजूंना सलग सर्व्हिस रोड. बायपासला सर्व्हिस रोड आहेत, पण तुकड्यातुकड्यांत. नदी आली की तुटतात, कुठे भूसंपादनापाशी अडतात, कुठे त्यांच्यावर दुकानांची आणि उभ्या गाड्यांची ठाणी बसलेली असतात. त्यामुळे स्थानिक माणसाला दोन किलोमीटर जायलाही महामार्गावर चढावं लागतं. मुंबईच्या पूर्व मुक्तमार्गावर, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर, अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही आहे. पुण्याच्या बायपासवर अशी बंदी आज घालणं अन्याय ठरेल, कारण दुचाकीवाल्याला दुसरी सलग वाट आपण दिलेलीच नाही. आधी वाट द्यायची, मग बंदीचं बोलायचं.

रात्रपाळी करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट मोजावी लागते. रात्री अकरानंतर बायपास मोकळा असतो आणि मोह होतो. पण त्याच वेळी अवजड वाहनांचा वेग वाढलेला असतो, काही तुकड्यांवर दिवे नसतात आणि चाक पंक्चर झालं तर मदत मिळेपर्यंत अंधारात कडेला उभं राहावं लागतं. एकट्या स्त्रीसाठी, खरं तर कुणासाठीही, औंध-विद्यापीठ मार्ग रात्री जास्त सुरक्षित आहे: दिवे आहेत, माणसं आहेत, पोलीस चौक्या आहेत, आणि गर्दी ओसरल्यामुळे वेळही फारसा जास्त लागत नाही.

खर्चाचं थोडक्यात. पेट्रोलची मोटार साधारण ताशी ५० ते ८० च्या स्थिर वेगाला सगळ्यात कमी इंधन खाते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटणं तिला महागात पडतं. आपल्या गाड्यांचं मायलेज ज्या चाचणीवर ठरतं ती पुण्यातही, वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये होते आणि तिच्यात शहरी व मोकळ्या रस्त्याचे दोन्ही भाग धरलेले असतात. पण त्या चाचणीत भूमकर चौक नसतो. मोकळा बायपास मिळत असेल तर पेट्रोलवाल्याला तो नक्की स्वस्त पडतो. तुंबलेल्या बायपासला हा फायदा नाही. विजेच्या गाडीचं गणित उलटं आहे. ती ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळवते आणि वेग वाढला की हवेच्या विरोधाने तिची बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून ई-स्कूटरला आतली वाटच जास्त पल्ला देते. बीएस-६ डिझेल मोटारींना मात्र अधूनमधून मोकळा रस्ता लागतो. त्यांच्या धुराड्यातला काजळी पकडणारा फिल्टर नुसत्या शहरी रांगण्याने तुंबतो, तो साफ व्हायला काही वेळ सलग वेगाने गाडी चालवावी लागते. अशांनी आठवड्यातून एखादा दिवस, गर्दी नसताना, बायपास धरावा. टोलचा प्रश्न नवले पूल ते वाकड या टप्प्यात येत नाही. जे खेड शिवापूर टोलनाक्याच्या पलीकडून रोज येतात, त्यांच्यासाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांवर खासगी मोटारींना वर्षभराचा किंवा २०० फेऱ्यांचा पास मिळतो; सुरुवातीला तो ३,००० रुपयांना होता. तो राज्याच्या अखत्यारीतल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही, हे घेण्याआधी ध्यानात ठेवावं.

मुंबईत हा निर्णय काहीसा वेगळा होतो, कारण तिथे लोकल आहे आणि महामार्ग म्हणवणारे पूर्व व पश्चिम द्रुतगती मार्ग कधीच शहराचे रस्ते होऊन गेले आहेत. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, त्यानंतर ठाणे-मुलुंडकरांच्या निवडीतून पैशाचा भाग गेला, वेळेचा राहिला. गोव्यात पर्वरीला उंचावरच्या महामार्गाचं बांधकाम सुरू झाल्यापासून म्हापसा-पणजी प्रवास करणाऱ्यांना पर्यायी गावरस्ते शोधावे लागले, आणि त्या अरुंद रस्त्यांवर राहणाऱ्यांना त्याचा ताप झाला. नकाशा आपल्याला ज्या ‘झटपट’ गल्लीत वळवतो तिथेही कुणाचं अंगण, कुणाची शाळा असते. तिथून वाचणारी दोन मिनिटं घेऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

नकाशाबद्दल एवढंच सांगेन की तो वेगाचा सल्ला देतो, सुरक्षिततेचा नाही. दुचाकीवर असाल तर त्यात दुचाकीचं चिन्ह निवडा आणि ‘महामार्ग टाळा’ हा पर्याय चालू करून पाहा. मग दिसणारी वाट आणि तिला लागणारा जादा वेळ यांचा विचार करा. दोन्ही वाटा काही आठवडे आलटून पालटून वापरून पोचायची वेळ वहीत लिहून ठेवली, तर आपल्या समजुती किती खऱ्या आहेत तेही कळतं. लक्षात राहतो तो मोकळा दिवस. वहीत तुंबलेला दिवसही उतरतो.

आणि तिसरी वाट विसरू नये. हिंजवडीच्या माणपासून शिवाजीनगरपर्यंतची सुमारे २३ किलोमीटरची, २३ स्थानकांची मेट्रो याच प्रवासासाठी आखली आहे. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. हे जाळं जुळलं की सिंहगड रस्त्याच्या माणसाला स्वारगेटहून गाडी धरता येईल. तिथपर्यंत नेणाऱ्या भरवशाच्या बस वाढवल्या नाहीत, तर मात्र लोक आहेत त्याच रस्त्यांवर राहतील.

माझा निष्कर्ष असा. चारचाकी असेल, सकाळी आठच्या आत निघता येत असेल आणि दिवसाउजेडी परतता येत असेल, तर बायपास घ्यावा. शुक्रवारची संध्याकाळ तेवढी सोडावी. वेळेचा भरवसा हवा असेल तर आतून जावं. आणि दुचाकी असेल तर, दहा-पंधरा मिनिटं जास्त लागली तरी, आतूनच जावं. नवले पुलापासून वाकडपर्यंत दोन्ही बाजूंचे सर्व्हिस रोड, नद्यांवरच्या पुलांसकट, सलग कधी होणार हे आपल्या नगरसेवकाला, आमदाराला आणि खासदाराला लेखी विचारा, आणि तारीख मिळेपर्यंत विचारत राहा.